पट्ट्याला सुई लावायची नाही

त्या टूरच्या गोष्टी मी घरात पुष्कळ सांगितल्या आहेत. एका नाचणाऱ्या मुलाची विजार ऐन गाण्यात मागून उसवली आणि उरलेलं गाणं तो लोकांना पाठ न दाखवता कसा नाचला, ही गोष्ट तर नात मला अजून सांगायला लावते. हार्नेसची गोष्ट मात्र मी इतकी वर्षं टाळली. बोलणं त्या बाजूला वळायला लागलं की मी चष्मा पुसत बसतो, नाहीतर गॅलरीत कपडे वाळले का ते बघायला उठतो. ती गोष्ट सांगायला हवी होती एका बाईला. तिला सांगितली नाही, मग इतरांना कुठल्या तोंडाने सांगणार?

मी शिंपी. आमचे वडील गिरणीत होते, गाव मालवणच्या बाजूला. माझं घाटकोपरला ब्लाउजचं दुकान होतं. पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि दुकान सोडावं लागलं. मग ओळखीने अंधेरी पूर्वेला एका गाळ्यात काम मिळालं. तिथे नाटकं, जाहिराती, स्टेज शो यांचे कपडे शिवले जायचे. केस पांढरे झाल्यावर नवी विद्या शिकायची म्हणजे अवघडच. अंधारात क्षणात काढून फेकता येईल असा घागरा, घामाने रंग सोडणार नाही असं अस्तर, हे सगळं मी तिथे शिकलो. लोक मला मास्तर म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता, आणि या गोष्टीत त्या अभिमानाचा हात मोठा आहे.

एका गायिकेची टूर ठरली. मुलगी पंचविशीतली असेल, तेव्हा तिचं फार नाव होतं. तिच्या कार्यक्रमात दोनदा तिला तारांवर उचलून लोकांच्या डोक्यावरून फिरवायचे, सुरुवातीला एकदा आणि शेवटच्या गाण्यात एकदा. त्यासाठी घागऱ्याच्या आत, कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस बांधायचा. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या, घागऱ्याला तिथे चिरा, त्या चिरांतून तारा आत जायच्या आणि कड्यांत अडकायच्या. काळा पट्टा दिसू नये म्हणून त्यावर कातडीच्या रंगाची कापडी खोळ चढवायची. थोडक्यात, ती मुलगी वर असायची तेव्हा तिचा सगळा भार त्या कमरेच्या पट्ट्यावर असायचा.

तारांची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो मराठीच होता, मुलुंडकडचा, सह्याद्रीतले कडे चढून दोरांचं काम शिकलेला. आम्ही त्याला सेफ्टीवाला म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्याने हार्नेस माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवला आणि गाळ्यातल्या सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मास्तर, एक गोष्ट ऐकून ठेवा. खोळीला काय करायचं ते करा, घागऱ्याला करा. या पट्ट्याला सुई लावायची नाही. टाचणीसुद्धा नाही. एक धागा तुटला तरी मी पट्टा फेकून देतो."

"अरे बाबा, तुझ्या जन्माच्या आधीपासून सुई धरतोय मी," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगतोय. तुमची सुई कुठेही जाते."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं.

आमच्या कामात कलाकारांना कपडे चढवणारी माणसं वेगळी असतात. पुरुषांना ड्रेसदादा म्हणतात. गायिकेचे कपडे सांभाळायला, स्टेजच्या मागे तिला कपडे बदलून द्यायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, मुलुंडला राहणाऱ्या, माहेर कुडाळकडचं. मी त्यांना ताई म्हणायचो. लोकांसमोर त्या मुंबईचं मराठी बोलायच्या आणि आम्ही दोघंच असलो की मालवणीत यायच्या. हात फार सुरेख. हुक, आकडे, निसटलेली जर, असली हातशिलाईची कामं त्याच करायच्या.

त्यांची एक रीत होती. तालमीतसुद्धा, ती मुलगी तारांवर जायच्या आधी त्या पडद्यामागे उभ्या राहून गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायच्या, अगदी हळू आवाजात. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक सुखरूप वर ने, सुखरूप खाली हाड रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावा लागतो, नाहीतर ते अर्धंच राहतं. तिथे आमच्या मुलखातला दुसरा कुणी नव्हता. म्हणून मी मागे उभा राहून म्हणायचो, "व्हय म्हाराजा." सेफ्टीवाला आमची टिंगल करायचा. "देवाला सांगा, क्लिप मीच तपासल्यात, त्याने पुन्हा तपासायला नको." ताई त्याला म्हणायच्या, "गप रे. तुझ्यासाठीपण घालते मी."

पहिला कार्यक्रम गोरेगावच्या एका मैदानात होता, लागोपाठ दोन संध्याकाळ. पहिल्या दिवशी सकाळी सेफ्टीवाल्याने रीतीप्रमाणे खोळ काढली, पट्टा हातावरून इंच इंच फिरवून बघितला आणि पुन्हा आमच्या ताब्यात दिला. दुपारी घागरा घालून शेवटची तालीम झाली. ती मुलगी वर गेली आणि घोटाळा दिसला. घागरा जड होता, घेराला भरतकाम आणि आरसे. वर गेल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली सरकायचा आणि कमरेपाशी खोळीची पट्टी उघडी पडायची.

कपड्यांची डिझायनर जुहूची होती, तरुण आणि घाईची. ती मला म्हणाली, "मास्टरजी, हे काय आहे यार? समोर एवढे कॅमेरे लावलेत. कमरेला बँडेज बांधल्यासारखं दिसतंय. आत्ता झालं पाहिजे हे."

"करतो मॅडम."

"करतो नाही, झालं पाहिजे."

स्टेजच्या मागे तंबूत आमची मशीनं लावली होती. सेफ्टीवाला आणि ताई जेवायला गेले होते. तंबूत मी एकटा. सरळ उपाय मला माहीत होता. खोळीला मजबूत आकडे टाचायचे आणि घागऱ्याच्या नेफ्याला आतून फासे करायचे. पण ते हातकाम, वेळ घेणारं. आणि मला ते 'झालं पाहिजे' चावत होतं. घागऱ्याचं अस्तर सरळ पट्ट्यालाच एका शिलाईने धरलं तर हलणार नाही, असं मनात आलं. सेफ्टीवाल्याचं बोलणं आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. कालचा पोरगा मला सुई शिकवतो, असंही मनात आलं.

खोळ बाजूला सरकवली. डाव्या कडीच्या खाली पट्टा आणि अस्तर एकत्र धरून मोठ्या मशीनखाली घातलं आणि पट्ट्यावरून आडवी शिलाई मारली. मशीन थोडं कण्हलं, पण गेलं.

उजवी बाजू करायला कपडा फिरवला तेव्हा माझी नजर सुईवर गेली. सकाळी त्याच मशीनवर नाचणाऱ्यांचे रेक्झिनचे कमरपट्टे शिवले होते. सुई चामड्याची होती. शिंप्याला हे सांगावं लागत नाही, पण वाचणाऱ्यासाठी लिहितो. साधी सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं असतं. ती कापत जाते.

मी शिलाई उसवली. अस्तर सुटलं आणि खालचा पट्टा दिसला. एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत बारीक भोकांची रांग, पोस्टाच्या तिकिटाला फाडण्यासाठी असते तशी. एका भोकाच्या तोंडाशी तुटलेले धागे लवेसारखे वर आले होते. मी नखाने दाबले. ते पुन्हा वर आले.

तंबूत पंखा चालू होता तरी मानेवरून घाम आत उतरत होता. बाहेर कुणीतरी स्पीकर तपासत होतं, "चेक, चेक" म्हणत होतं, आणि प्रत्येक आवाजाला मी दचकत होतो.

दुसरा हार्नेस होता. सेफ्टीवाल्याच्या लोखंडी पेटीत, कुलपात, तशाच मापाचा. मी फक्त तोंड उघडायचं होतं. त्याने शिव्या दिल्या असत्या, डिझायनरने कपाळाला हात लावला असता, कदाचित मला घरी पाठवलं असतं. त्यापेक्षा जास्त काही झालं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण सगळ्यांसमोर मी जे बोललो होतो ते आठवलं, आणि आता सगळ्यांसमोरच 'तुझं खरं होतं' म्हणायचं, ते होईना. शिवाय या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार, ही भीती. मी खोळ पुन्हा जागेवर ओढली. भोकं झाकली गेली.

मग ताई जेवून आल्या. "मास्तर, तुमचा तोंड असा कित्याक उतरला? जेवलास नाय?"

"भूक नाही," मी म्हणालो. "ताई, खोळीला आकडे टाचून द्याल? घागरा सरकतोय. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. मी नेफ्याला फासे करतो."

त्या बसल्या. खोळ पट्ट्यावर तशीच ठेवून, तिच्याखाली डाव्या हाताचं बोट घालून, कापड उचलून धरत त्यांनी आकडे टाचले. बरोबर त्या भोकांच्या वर. मध्येच म्हणाल्या, "पट्ट्याक लागूक नये म्हणान बोट घातलय. माझ्या बोटाची चाळण झाली." आणि बोट चोखत हसल्या. मी फासे करत होतो. ते काम त्यांना देताना माझ्या मनात कपट नव्हतं, आकडे नेहमी त्याच टाचायच्या, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.

आकड्यांनी घागरा पक्का बसला. एवढंच करायचं होतं.

संध्याकाळी मैदान भरलं. पडद्यामागे, जिथून तिला उचलायचे त्या चौथऱ्यापाशी, आम्ही दोघं तिला कपडे चढवत होतो. तिला उंचीची भीती होती. ती कुणाला सांगायची नाही, पण कपडे घालताना हात बर्फासारखे गार लागायचे. तिने नेहमीसारखं विचारलं, "काका, नीट बसलंय ना?"

आणि मी म्हणालो, "एकदम."

हा शब्द मला अजून झोपेत ऐकू येतो. तिने माझ्याकडे बघितलं, तिला बरं वाटलं, आणि ती हसली.

सेफ्टीवाल्याने तारा अडकवल्या, क्लिप ओढून बघितल्या, बकलं ओढून बघितली. त्याचा हात खोळीवरून गेला. त्याने अंगठा वर केला. ताईंनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक सुखरूप वर ने..." संपल्यावर त्या थांबल्या. होकार आला नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी खोळीकडे बघत होतो. तार ताणली गेली. ताईंनी कोपराने मला ढोसलं आणि मी काहीतरी पुटपुटलो. तोवर त्या मुलीचे पाय जमिनीवरून सुटले होते.

पडद्याच्या फटीतून मी बघत होतो. ती लोकांच्या डोक्यांवर गेली, हात पसरले, गायला लागली. खाली हजारो मोबाइल चमकत होते. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, गाणं ऐकू येत नव्हतं. मला तिची डावी कंबर दिसत होती. घागऱ्याचे आरसे लखलखत होते आणि त्यांच्या आत काय आहे ते एकट्या मला माहीत होतं. ती वळण घ्यायची तेव्हा सगळा भार डाव्या कडीवर यायचा. प्रत्येक वळणाला मी माझंच धोतर धरावं तसं पडदा मुठीत धरायचो. एक भोक दुसऱ्याला मिळालं असेल, दुसरं तिसऱ्याला, असं मनात चालू. खाली माणसं होती, लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसलेली होती. ती पडली तर नुसती तीच जाणार नव्हती.

ती खाली आली. ताईंनी तिला पाणी दिलं.

शेवटच्या गाण्यापर्यंत वेळ होता. दुसरा हार्नेस बदलण्याइतका नक्कीच होता. मी ठरवलं. सेफ्टीवाला कानाला यंत्र लावून बोलत होता. मी त्याच्याजवळ गेलो. "अरे, ऐक जरा..." त्याने न बघता हाताचा पंजा वर केला. नंतर. मी थांबलो. तो बोलतच होता. तेवढ्यात डिझायनर आली, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "मास्टरजी, झकास! अजिबात हलला नाही घागरा." सेफ्टीवाल्याचं बोलणं संपलं. "हां मास्तर, काय?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "पाणी हवंय का विचारत होतो."

ती दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा मला बघवलं नाही. मी तंबूत जाऊन मशीनच्या पायाशी खाली बसलो आणि कान झाकले. तरी लोकांचा ओरडा ऐकू आला. तो आनंदाचा आहे की दुसरा कसला, हे मला कळेना. उठून बघायचं धाडस होईना. ताई घागरा हातावर घेऊन आत आल्या तेव्हा कळलं की ती खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेफ्टीवाल्याच्या आधी पोचून काहीतरी करायचं, असं ठरवून मी लवकर निघालो. पोचलो तर ताई माझ्या आधी आल्या होत्या. खोळ घामाने भिजली होती, धुवायची म्हणून त्यांनी ती काढली होती. आकडे उसवून, अगदी जपून. पट्टा त्यांच्या मांडीवर होता. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ह्या काय ता?"

मी बघितलं. भारामुळे भोकं आता लांबट झाली होती. दोन भोकं एकमेकांना मिळाली होती.

मी म्हणालो, "काय ते?"

त्यांनी मला पुढे काही विचारलं नाही. उठल्या आणि पट्टा स्वतः सेफ्टीवाल्याकडे घेऊन गेल्या. त्या लपवू शकल्या असत्या. त्यांच्या मनात ते आलंही नसावं.

सेफ्टीवाल्याने पट्टा उजेडात धरला. भोकांच्या रांगेवरून अंगठा फिरवला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "ही काल दोनदा यावर वर गेली?" डिझायनर आली, टूरचा मॅनेजर आला. सेफ्टीवाल्याचे ओठ पांढरे पडले होते. "कुणी केलं हे? काल सकाळी नव्हतं. दुपारनंतर कुणाच्या हातात होता पट्टा?"

ताई म्हणाल्या, "मी आकडे टाचले होते. खोळीला. पण मी बोट घातलं होतं मध्ये..." त्या स्वतःच्या बोटाकडे बघायला लागल्या. "बोट घातलं होतं मी."

"मास्तर, तुम्ही होतात तिथे. तुम्हाला काही माहीत आहे?"

सारख्या अंतराची ती रांग हाताच्या सुईची असूच शकत नव्हती. कुठल्याही शिंप्याने क्षणात सांगितलं असतं. त्या तंबूत शिंपी मीच होतो. मी म्हणालो, "आकडे यांनीच टाचले होते."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच इतकं सहज बोलता आलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील की मास्तर, तुम्हीच तर सांगितलंत. त्या तसं काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग माझ्याच हातून झालं असेल. बोट हललं असेल." आणि मग, "देवा रे, ते पोर वर होतं." त्या रडल्या नाहीत. नुसत्या त्या बोटाचं टोक दाबत बसल्या.

मॅनेजरने त्यांना तिथूनच घरी जायला सांगितलं. मुलीला कळू द्यायचं नाही असं ठरलं, नाहीतर ती तारांवर चढली नसती. नवा हार्नेस निघाला. जाताना ताई सेफ्टीवाल्याच्या पाया पडायला वाकल्या. तो मागे सरकला आणि म्हणाला, "मावशी, असं नका करू हो."

संध्याकाळी गाऱ्हाणं घालायला कुणी नव्हतं.

मी पूर्ण टूर केली. गावोगाव फिरलो. नवा पट्टा धडधाकट होता, मी त्याच्या जवळही जात नव्हतो, तरी ती वर गेली की मी तंबूत जाऊन कान झाकायचो. आणि दुसरी भीती वेगळीच. सेफ्टीवाला कधीतरी दुसऱ्या एखाद्या शिंप्याला तो पट्टा दाखवेल, तो म्हणेल की हे तर मशीनचं काम, आणि मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळतील. तो चहा प्यायला हाक मारायचा तरी मला धस्स व्हायचं. त्याने कधी दाखवला नाही. त्याने तो त्याच दिवशी कापून फेकला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी सुटलो होतो आणि मला ते माहीतही नव्हतं.

अजूनही सुटलोय असं नाही. बोरिवलीला आमच्या सोसायटीजवळच्या बागेत नात झोक्यावर बसते. झोका वर गेला की मी साखळीच्या कडीकडे बघतो. ती म्हणते, "आजोबा, माझ्याकडे बघा ना!" मला तिच्याकडे बघता येत नाही.

ताईंना पुढे या लाइनीत काम मिळालं नाही. अंधेरीच्या गाळ्यांत बातमी फिरायला वेळ लागत नाही. हार्नेसवर सुई चालवणारी बाई, एवढं पुरे होतं. एका ड्रेसदादाकडून कळायचं की त्या आता सोसायटीतल्या लोकांना पोळ्या करून देतात, बऱ्या आहेत.

दोनेक वर्षांनी मी मुलुंडला त्यांच्याकडे गेलो. बसने गेलो, वाक्य घोकत. दार त्यांनीच उघडलं. त्यांचे यजमान आत झोपले होते. मला बघून ताईंना इतका आनंद झाला की माझं अर्धं बळ तिथेच गेलं. चहा केला, खाजं दिलं, गावाकडचं आलेलं.

मी म्हणालो, "ताई, त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं."

"माका ठाऊक हा," त्या म्हणाल्या. "तुमका वाईट वाटता की तुमी माझी बाजू घेतलास नाय. काय घेणार होतास मास्तर? माझ्याच हातून झाला ता. उलट तुमी त्या दिवशी जास्त काय बोललास नाय, ह्येचे उपकार." मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "मी शिवण सोडलय हां. सून म्हणता बटण लावून द्या. सुई धरली की हात लटपटता. ता चेडू माझ्यामुळे मेला असता, ह्या काय मनातून जाणा नाय." आणि एकदम हसून, "पण एक सांगू? इतके सारखे टाके माझ्या हातून जन्मात कधी पडले नव्हते. पडले ते नेमके थय!"

माझं वाक्य जिभेवर होतं. याहून सोपी वाट मला कुणी करून दिली नसती. मी म्हणालो, "चहा छान झालाय."

आणि उठलो. त्या जिन्यापर्यंत सोडायला आल्या, "परत येवा" म्हणाल्या. मी पुन्हा गेलो नाही. पुढच्या महिन्यात जाऊ, गणपतीत जाऊ, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर जाऊ, असं करत राहिलो. खरं कारण भीतीच. त्यांच्या रागाची भीती नव्हती. त्या मला तिथल्या तिथे माफ करतील आणि पुन्हा चहा टाकतील, याची होती. गेल्या हिवाळ्यात त्या ड्रेसदादाचा फोन आला. ताई गेल्या होत्या. दिवसकार्यही होऊन गेलं होतं.

मुलुंडला न्यायचं ते वाक्य इथे लिहितो. ताई, ती भोकं माझ्या मशीनची होती, चामड्याच्या सुईची, तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हाची. तुमचं बोट हललं नव्हतं. ती पोर तुमच्यामुळे मेली नसती. माझ्यामुळे मेली असती. मला माफ करा.